एसी लावला की गाडी तापते : दोष कुठे शोधावा आणि कोणत्या क्रमाने

उन्हाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातील गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. एसी बंद ठेवून गाडी कितीही पळवली तरी तापमानाचा काटा जागचा हलत नाही; एसी लावून गर्दीत दहा-पंधरा मिनिटे अडकले की तोच काटा हळूहळू लाल पट्टीकडे सरकू लागतो. मिस्त्री पाणी भरून देतो, कधी इंजिन थंड ठेवणारा द्रव म्हणजे कूलंट बदलतो, कधी इंजिन तापेपर्यंत हा द्रव रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅटच, काढून टाकतो. आठवडाभर बरे जाते आणि पुन्हा तेच सुरू होते. शेवटी मालक कंटाळून एसी लावायचेच सोडतो आणि ‘आमच्या गाडीला एसी सोसत नाही’ असे सांगू लागतो.

वस्तुतः गाडीला एसी न सोसण्याचे काही कारण नसते. भर उन्हात, माणसे आणि सामान भरून, एसी चालू ठेवून चढ चढायचा, हा हिशेब धरूनच रेडिएटर आणि पंखा यांचे माप ठरवलेले असते. एसी लावल्यावर गाडी तापत असेल, तर त्या मूळच्या क्षमतेतला काही भाग कुठे तरी कमी झाला आहे आणि एसी नसताना उरलेल्या क्षमतेवर कसेबसे भागते आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो कमी झालेला भाग शोधायचा आहे. एसी दुरुस्त करणाऱ्याकडे धाव घेण्याआधी हे समजून घेतलेले बरे, कारण तिथे बहुधा गॅस काढून पुन्हा भरला जातो, बिल होते आणि काटा मात्र पूर्वीसारखाच वर जात राहतो.

एसीमुळे भार किती वाढतो

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने जेमतेम एक तृतीयांश प्रत्यक्ष कामी येते, साधारण तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा कूलंटमार्फत रेडिएटरला हवेत सोडावा लागतो. एसीचा कंप्रेसर इंजिनाच्या बेल्टवर चालतो आणि छोट्या गाडीतही पूर्ण भारावर तो तीन ते पाच अश्वशक्ती घेतो. महामार्गावर ही मागणी जाणवत नाही. परंतु जागेवर उभ्या असलेल्या हजार सीसीच्या इंजिनाच्या दृष्टीने हा वाटा मोठा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनाच्या फेऱ्या कमी असल्यामुळे वॉटर पंपही सावकाश फिरत असतो.

याहून महत्त्वाची बाब कंडेन्सरची आहे. गाडीच्या आतली उष्णता बाहेर टाकणारी ही जाळी रेडिएटरच्या अगदी पुढे बसवलेली असते, त्यामुळे रेडिएटरला बाहेरची ताजी हवा मिळतच नाही. कंडेन्सरवरून तापून आलेली हवा मिळते. बाहेर ३८ अंश सेल्सिअस असेल तर रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा ५० अंशांच्या घरात जाऊ शकते. कूलंट ९५ अंशांवर आहे असे धरले, तर हवा आणि कूलंट यांच्यातला फरक ५७ अंशांवरून ४५ अंशांवर येतो, म्हणजे रेडिएटरची उष्णता फेकण्याची ताकद काहीही न बिघडता एक पंचमांशाने घटते. निरोगी यंत्रणा एवढी घट सहज सोसते. ज्या रेडिएटरच्या पाकळ्या धुळीने भरल्या आहेत किंवा ज्याचा पंखा अर्ध्या दमाने फिरतो आहे, त्याला ती सोसत नाही.

आधी लक्षण नीट पाहावे

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी मालकाने स्वतःच करायचे काम म्हणजे गाडी नेमकी केव्हा तापते हे दोन-तीन दिवस लक्ष देऊन पाहणे. ‘एसी लावला की तापते’ एवढ्या वाक्यावर कोणताही मिस्त्री अंदाजच बांधू शकतो.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी किंवा गळिताच्या हंगामात कारखान्याबाहेरच्या ऊस-ट्रॅक्टरांच्या रांगेमागे गाडी थांबली असताना काटा चढतो आणि रस्ता मोकळा होऊन गाडी पन्नासच्या वेगाने धावू लागली की तो आपोआप खाली येतो, असे असेल तर दोष हवेच्या बाजूला आहे. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचाच आधार असतो. अशा वेळी पंखा, त्याचे आवरण आणि जाळ्यांची स्वच्छता यांपलीकडे पाहण्याची घाई करू नये.

याउलट गर्दीत गाडी ठीक राहते, पण निपाणीजवळचा तवंदी घाट चढताना किंवा महामार्गावर शंभरच्या वेगाने बराच वेळ गेल्यावर तापते, असे असेल तर दोष पाण्याच्या बाजूला, म्हणजे कूलंटचे प्रमाण, त्याचे अभिसरण किंवा रेडिएटरच्या आतल्या नळ्या यांत असण्याची शक्यता जास्त असते. तिथे उभ्या गाडीपेक्षा वारा जास्त मिळतो. इंजिनात निर्माण होणारी उष्णता रेडिएटरपर्यंत पुरेशी पोचत नसते किंवा तिथून बाहेर पडत नसते.

तिसरे लक्षण पुष्कळदा दुर्लक्षित राहते. काटा चढण्याच्या बराच आधी, गाडी थांबली की एसीची हवा कोमट होते आणि चालू लागली की पुन्हा गार होते. कंडेन्सरवरून हवा वाहत नसल्यामुळे गॅसचा दाब वाढतो आणि थंडावा कमी होतो. म्हणून हे लक्षण पंख्याकडे किंवा तुंबलेल्या जाळीकडे थेट बोट दाखवते. ‘एसीचा गॅस कमी झाला असेल’ असे समजून अनेक जण इथेच वाट चुकतात. इंजिन फारच तापले तर बहुतेक नव्या गाड्यांतील कॉम्प्युटर कंप्रेसर स्वतःहून बंद करतो. घाट चढताना एसी अचानक गरम हवा फेकू लागला तर आधी तापमानाकडे पाहावे.

काट्याबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अलीकडच्या गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. प्रत्यक्ष तापमान पंधरा-वीस अंशांनी खालीवर झाले तरी तो मध्यावरच दिसतो आणि हलतो तेव्हा प्रकरण हाताबाहेर जाऊ लागलेले असते. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा ओबीडी स्कॅनर मोबाईलला जोडला की कूलंटचे तापमान अंशांत दिसते. ही वस्तू महाग नाही आणि वारंवार होणाऱ्या तक्रारीत तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. बहुतेक गाड्यांत पंखा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान सुरू होतो आणि पाच-सहा अंश खाली आल्यावर थांबतो. एसी चालू असताना १०५ च्या वर जाऊन वाढतच राहणारे तापमान हे दोषाचे लक्षण समजावे.

पंखा फिरतो, एवढ्यावर समाधान मानू नये

तपासणीची सुरुवात पंख्यापासून करावी, कारण त्याला खर्च नाही आणि सर्वाधिक वेळा दोष इथेच सापडतो. सपाट जागी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवावे, बॉनेट उघडावे आणि आत बसलेल्या माणसाला एसी लावून ब्लोअर पूर्ण वाढवायला सांगावे. कंप्रेसरचा ‘टक्’ असा आवाज येतो, इंजिन क्षणभर दबते आणि सावरते, आणि त्यानंतर काही क्षणांत रेडिएटरचा पंखा फिरू लागला पाहिजे. काही नव्या गाड्यांत तो आधी सावकाश फिरतो आणि गरजेनुसार वेग वाढवतो, तर काहींत दोन पंखे असतात आणि एसी लावल्यावर दोन्ही चालू होणे अपेक्षित असते. दोनपैकी एकच फिरत असेल तर एसी नसताना काम भागते आणि एसी लावला की भागत नाही. या लेखाच्या विषयाचे ते सर्वात सरळ उत्तर आहे. या तपासणीत हात, सैल बाही, उपरणे किंवा ओढणी पंख्याजवळ नेऊ नये. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

पंखा फिरत नसेल तर फ्यूज पाहावा. पंख्याचा फ्यूज मोठा, बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. त्यानंतर त्याच पेटीतला तशाच क्रमांकाचा दुसरा रिले (विजेवर चालणारा स्विच) काढून पंख्याच्या जागी बसवून पाहावा. तरीही हालचाल नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोटरला बॅटरीची थेट जोडणी देऊन पाहावे. थेट जोडणीवर पंखा फिरला तर दोष वायरिंग, रिले किंवा सेन्सरमध्ये आहे. नाही फिरला तर मोटर गेली. ज्या गाड्यांत पंख्याचे दोन वेग आहेत, त्यांतील कमी वेगाचा रेझिस्टर जळला असेल तर पंखा कमी वेगाने फिरतच नाही आणि थेट वरच्या वेगाची वेळ येईपर्यंत इंजिन तापून गेलेले असते.

खरी फसगत होते ती पंखा फिरत असताना. ब्रश झिजलेली मोटर डोळ्यांना फिरताना दिसते, मिस्त्री ‘फॅन ओके’ म्हणतो, पण ती हवा ओढत नाही. साधी चाचणी अशी : एसी चालू ठेवून वहीचा एक कागद समोरच्या ग्रिलवर धरून सोडावा. पंखा सशक्त असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. तो गळून पडला तर मोटर कमजोर आहे किंवा जाळी तुंबली आहे. आणि कागद बाहेर ढकलला गेला तर पंखा उलटा फिरतो आहे. मोटर बदलताना दोन वायरींची अदलाबदल झाली की हे घडते, आणि त्यात गंमत अशी की पंखा जोरात फिरताना पाहून सगळेच निश्चिंत असतात.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात गाडी फिरत असेल तर मोटरच्या बाबतीत अधिक सावध राहावे. जून ते सप्टेंबरच्या पावसात साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून गेलेल्या गाडीच्या मोटरमध्ये पाणी शिरते, बेअरिंग गंजते, आणि त्याचा परिणाम पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये दिसतो, जेव्हा पावसाळ्याची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण तुटलेले किंवा काढून टाकलेले असेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूची हवा घुसळत राहतो. त्याचप्रमाणे रेडिएटरच्या कडांना लावलेल्या फोमच्या पट्ट्या आणि बाजूचे पत्रे अपघातानंतरच्या दुरुस्तीत गायब झालेले असतात. मग गाडी उभी असताना इंजिनकडची गरम हवा वळून पुन्हा पुढून आत ओढली जाते. पुणे-मुंबईहून किंवा गोव्याहून आणलेली जुनी गाडी घेतलेल्यांनी हे अवश्य पाहावे. किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीच्या कंडेन्सरच्या पाकळ्या खाऱ्या हवेने सडून बोट लावताच भुगा होतात, तेही तेव्हाच लक्षात येईल.

जुन्या सुमो, बोलेरो यांसारख्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या बेल्टवर फिरतो आणि मधल्या व्हिस्कस क्लचमुळे गरजेप्रमाणे पकड घेतो. इंजिन चांगले तापल्यावर बंद करावे, चावी खिशात घालावी आणि पंखा हाताने फिरवून पाहावा. तो जड लागला पाहिजे. एका धक्क्यात मोकळेपणाने अनेक फेरे घेत असेल तर क्लच निकामी झाला आहे.

जाळ्यांमध्ये अडकलेला ऊस

बेळगाव जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात गाडी वापरणाऱ्यांचा एक खास त्रास आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत संकेश्वर, हुक्केरी, चिक्कोडी, रायबागच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी चालवताना पाचटाचे बारीक तुकडे हवेत उडत असतात. तोडणीनंतर फडात पाचट पेटवले की काजळीचे पापुद्रे मैलभर पसरतात. हे सगळे समोरच्या ग्रिलमधून आत ओढले जाते. त्यावर खानापूरकडची तांबडी किंवा अथणीकडची काळी धूळ बसते आणि पहिल्या वळवात भिजून ती घट्ट होते. खंडेनवमीला ग्रिलवर बांधलेल्या झेंडूच्या हाराच्या सुकलेल्या पाकळ्याही अनेक कंडेन्सरांमधून निघतात. पूजा झाल्यावर हार चार दिवसांत उतरवावा, हे बरे.

अडचण अशी की ही घाण पुढून दिसत नाही. ग्रिलमधून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ वाटतो, कारण बराचसा कचरा त्याच्यातून पार होऊन कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत साठतो. रेडिएटरच्या वरच्या पट्टीचे बोल्ट सैल करून तो थोडा मागे झुकवला की ही फट उघडी होते आणि आतले दृश्य पाहण्यासारखे असते : धूळ, पाचटाचे तंतू, किड्यांचे पंख आणि तेलकट काजळी यांचा दाबून बसलेला थर घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड सोलून निघतो. त्याच्यामागच्या पाकळ्या कोऱ्या असतात, म्हणजे त्या भागात कित्येक महिने हवा पोचलेलीच नसते. रेडिएटर न हलवता तपासायचे असेल तर अंधारात मागच्या बाजूने टॉर्च लावून पुढून पाहावे; जिथून उजेड येत नाही, तिथून हवाही येत नाही.

धुण्याची पद्धत महत्त्वाची आहे. इंजिन पूर्ण गार असताना, साध्या नळीने, इंजिनकडून पुढच्या दिशेने पाणी मारावे, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो. पुढून मारलेले पाणी तो आणखी आत ठोकते. वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवारा जवळून मारू देऊ नये. ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पाकळ्या एका झटक्यात आडव्या होतात आणि जाळी स्वच्छ दिसूनही बंद होते. आडव्या झालेल्या पाकळ्या बारीक दातांच्या कंगव्याने संयमाने सरळ करता येतात. पुढे बसवलेले जाड क्रॅशगार्ड, शोभेची ग्रिल आणि भलेमोठे फॉग लॅम्प हेही हवा अडवतात, ही गोष्ट ते विकणारा सांगत नाही.

पाणी, झाकण आणि बोअरवेल

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातले पाणी ९७ ते ९८ अंशांच्या दरम्यानच उकळते. इंजिनात ते १०० च्या पुढे गेले तरी उकळत नाही, याचे श्रेय झाकणाला आहे. रेडिएटरचे झाकण साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. योग्य प्रमाणातल्या कूलंटमुळे तो आणखी वर सरकतो. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली की हा सगळा लाभ जातो. मग एसी लावल्यावर तापमान चार-पाच अंशांनी वाढताच पाणी उकळून कूलंटच्या बाटलीतून बाहेर पडते, पातळी कमी होते आणि पुढच्या वेळी गाडी अधिक लवकर तापते. झाकण ही या यंत्रणेतली सर्वात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. रबर तडकलेले दिसले तर वाद न घालता त्याच दाबाचे नवे बसवावे. जास्त दाबाचे बसवण्याचा शहाणपणा करू नये, कारण त्यामुळे जुने पाईप फाटतात.

पातळी नेहमी गार इंजिनावर पाहावी. ज्या गाड्यांत रेडिएटरवर वेगळे झाकण आहे, त्यांत केवळ बाटली भरलेली पाहून निर्धास्त होऊ नये. झाकणाची आतली झडप चिकटली तर गार होताना बाटलीतले पाणी रेडिएटर परत ओढून घेऊ शकत नाही. बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी स्थिती होते. गरम इंजिनाचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. दाबाखालचे पाणी क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येते.

कृष्णाकाठच्या आणि काळ्या मातीच्या तालुक्यांत बोअरवेलचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आणि खारे असते. शेतावर गाडी तापली, घागरभर पाणी ओतले आणि पुढे निघाले, असे वर्षानुवर्षे चालते. त्या पाण्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, इंजिनाच्या आतल्या पोकळीत गंज धरतो आणि वॉटर पंपाचे सील खातो. आणीबाणीत कोणतेही स्वच्छ पाणी चालते, यात शंका नाही. परंतु नंतर ते पूर्ण काढून, यंत्रणा धुऊन, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट भरणे आवश्यक आहे. दुकानात मिळणारे कूलंट थेट भरण्याचे आहे की पाणी मिसळण्याचे, हे डब्यावर वाचून घ्यावे. पाणी मिसळण्याचे असेल तर निम्मे-निम्मे प्रमाण ठेवावे आणि पाणी डिस्टिल्ड, म्हणजे बॅटरीत घालतो ते, वापरावे. कूलंट जितके जास्त तितके चांगले ही समजूत चुकीची आहे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉल या रसायनापेक्षा सरस असते. रंग पाहून कूलंट निवडू नये. हिरवे, लाल, निळे या रंगांवरून आतली रसायने कळत नाहीत, आणि दोन प्रकार एकत्र झाले तर गाळ तयार होऊ शकतो.

भरल्यानंतर आत अडकलेली हवा काढणे हे काम घाईत राहून जाते. गाडीचे तोंड चढावर ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, झाकण उघडे ठेवून गार इंजिन सुरू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे भरत राहावे. काही गाड्यांत यासाठी वेगळा स्क्रू असतो. दुरुस्तीनंतर दुसऱ्याच दिवशी पुन्हा तापलेल्या गाडीत बहुधा हवाच अडकलेली असते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय

या भागात हा उपाय इतका रूढ आहे की त्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. थर्मोस्टॅट बहुधा ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो. तो अर्धवट अडकला तर गाडी तापते हे खरे, पण त्यावरचा उपाय नवा बसवणे हा आहे. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून, तो नेमका कधी उघडतो हे घरीही तपासता येते. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन हवे तेवढे तापत नाही, इंधन जास्त लागते आणि तेलात ओलावा राहतो. याशिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागची एक आडवाट बंद करतो. तो काढला की ती आडवाट कायमची उघडी राहते, काही पाणी रेडिएटरला वळसा घालून गरमच्या गरम परत इंजिनात जाते आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते.

वॉटर पंपाच्या, म्हणजे गॅरेजच्या बोलीत वॉटर बॉडीच्या, दोषाची खूण म्हणजे पुलीखाली दिसणारे कूलंटचे सुकलेले डाग, बेअरिंगचा आवाज किंवा वेग वाढवल्यावर वाढणारे तापमान. रेडिएटर आतून बंद झाला असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने त्याच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी तापमान घ्यावे; जिथे अचानक थंड पट्टा लागतो, तिथल्या नळ्यांतून प्रवाह नाही. जुने पितळी रेडिएटर उघडून, सळ्या घालून साफ करता येत असत. आताच्या ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरला ते जमत नाही, तो बदलावा लागतो. गळती थांबवणारी पूड किंवा द्रव घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नम्रपणे नाकारावा, कारण जे छिद्र बुजवते ते बारीक नळ्याही बुजवते.

एसीच्या बाजूने येणारा दोष क्वचितच असतो. गॅस ग्रॅममध्ये मोजून भरायचा असतो आणि प्रमाण बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर छापलेले असते. अंदाजाने जास्त भरला गेला की कंप्रेसरवरचा भार आणि कंडेन्सरची उष्णता दोन्ही वाढतात. त्यामुळे एसीचे काम झाल्यानंतरच हा त्रास सुरू झाला असेल, तर गॅस पूर्ण काढून वजनाने भरून घ्यावा.

पाणी बाहेर कुठेच गळत नाही आणि तरी दर काही दिवसांनी भरावे लागते, सकाळी सुरू करताना पांढरा, गोडसर वासाचा धूर बराच वेळ येतो, बाटलीत सतत बुडबुडे दिसतात किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधट फेस आहे, यांपैकी काहीही असेल तर वरची सगळी तपासणी बाजूला ठेवून आधी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधला सांधा बंद ठेवणारी पट्टी, पाहून घ्यावे. अशी गाडी एसी बंद करूनही चालवू नये.

घाटात काटा चढू लागला तर

गोव्याहून चोर्ला घाटाने परत येताना केरीपासूनचा चढ, मोले ते अनमोडचा चढ किंवा सावंतवाडीहून आंबोलीचा चढ, या तिन्ही ठिकाणी भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर, कमी वेगाने आणि पूर्ण भाराने चढत असते. वारा कमी आणि उष्णता जास्त. काटा मध्याच्या वर सरकताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवावा, काचा खाली कराव्यात. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो काही अंश नक्की उतरवतो. काटा लाल पट्टीत नसेल आणि वाफ दिसत नसेल, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन काही मिनिटे चालूच ठेवावे, म्हणजे पाणी आणि पंखा दोन्ही फिरत राहतात. लाल पट्टीत गेला असेल किंवा वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद करावे, बॉनेट उघडावे आणि किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर झऱ्याचे गार पाणी ओतल्याने हेड वाकते किंवा तडकते, आणि शंभराची दुरुस्ती हजारांवर जाते.

दुरुस्ती खरेच झाली का

गॅरेजमधून गाडी घेताना मिस्त्रीने संध्याकाळच्या गारव्यात एक फेरी मारून दाखवली, तर ती पडताळणी मानू नये. स्कॅनर लावून, दुपारच्या उन्हात, एसी आणि ब्लोअर पूर्ण ठेवून गाडी जागेवर अर्धा तास चालू ठेवावी. पंखा येतो-जातो आणि तापमान ९० ते १०० च्या आसपास खालीवर होत राहते, असे असेल तर हवेची बाजू ठीक झाली. त्यानंतर एसी चालू ठेवूनच काकतीच्या पुढचा वंटमुरी घाट किंवा तवंदी घाट चढून पाहावा. जागेवर ठीक राहिलेली गाडी इथे १०५ ओलांडून चढतच राहिली, तर पंख्यावर आणि गॅसवर आणखी खर्च करू नये. रेडिएटर उतरवून आतून तपासण्याची वेळ आलेली आहे.